बादलीला भोकं आहेत, तरी पाणी का तुंबतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. ठाण्याला सोसायटीच्या गच्चीवर तुम्ही रंगाच्या २० लिटरच्या पाच रिकाम्या बादल्या ठेवल्यात. प्रत्येकीच्या बुडाला बाहेरून तापलेला स्क्रू ड्रायव्हर खुपसून चार-चार भोकं पाडलीत. तळाशी चार बोटं विटांच्या तुकड्यांचा थर दिलात आणि वर गावाहून आणलेली काळी माती आणि शेणखत भरलंत. जूनपर्यंत टोमॅटो, मिरची जोमात होती. जुलैच्या झडीत पानं पिवळी पडली, दोन टोमॅटोंनी माना टाकल्या आणि आता मातीवर पाणी साचून राहतंय. सहावी बादली ड्रिल मारताना तडकली. भोकं किती आणि केवढी पाडायची, असं तुम्ही विचारलंय.

आकडा हवा असेल तर हा घ्या: २० लिटरच्या बादलीला ८ मिलिमीटरची सहा ते आठ भोकं बुडाला आणि तीन-चार बाजूच्या भिंतीला, बुडाच्या जेमतेम वर. पण तुम्ही आत्ता आहे त्याच बादलीला आणखी चार भोकं पाडलीत तरी टोमॅटो वाचणार नाही. पाणी अडतंय ते भोकांच्या संख्येमुळे नाही.

हिशेब करून बघू. तुमच्या बादलीचं तोंड साधारण २८ सेंटिमीटरचं. तासाला १०० मिलिमीटर म्हणजे धो धो पाऊस झाला, तर त्या तोंडातून तासाभरात सहा लिटर पाणी आत जातं. ८ मिलिमीटरच्या एका मोकळ्या भोकातून मिनिटाला लिटरभर पाणी सहज निघतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी अशी बादली उघड्यावर असती तर दिवसभरात तिच्यात ५८ लिटर पाणी पडलं असतं, आणि तेही एका भोकातून निघून गेलं असतं. मग मी दहा-बारा भोकं का सांगते? कारण त्यातली अर्धी वर्षभरात बुजतात. मुळं येऊन बसतात, शेणखताचा गाळ जमतो, खाली शेवाळ धरतं. जास्तीची भोकं त्यासाठी राखून ठेवलेली असतात.

तेव्हा पाणी नेमकं कुठे अडतंय ते शोधू. तुमच्या वर्णनावरून मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा भोकाचा काठ. तापलेली सळई किंवा स्क्रू ड्रायव्हर बाहेरून आत घातला की वितळलेलं प्लास्टिक आतल्या बाजूला गोळा होतं आणि भोकाभोवती दोन-तीन मिलिमीटरची कडा उभी राहते. विहिरीला कठडा असावा तशी. पाणी ती कडा ओलांडेपर्यंत आतच थांबतं, आणि बारीक माती तिच्याभोवती अडकून भोक हळूहळू बुजतं. बादली रिकामी कराल तेव्हा बुडावरून आतून बोट फिरवा, लगेच हाताला लागेल. जुन्या सुरीने किंवा कटरने ती कडा तासून सपाट करा. ड्रिलने पाडलेल्या भोकाला असा काठ येत नाही, थोडी कुसळं येतात, ती हाताने निघतात.

दुसरी जागा बादलीचं बूड. रिकामी बादली उलटी करून पाहा. बूड सपाट नसतं, ते थोडं आत असतं आणि बाहेरून गोल कड असते. बादली त्या कडेवर उभी राहते. फरशीवर ठेवली की ती कड खाली घट्ट बसते आणि बुडाची सगळी भोकं एका बंद खोलीत उघडतात. पाणी भोकातून उतरतं खरं, पण कडेच्या आतच साठतं, आणि कडेखाली चिखल जमला की वाट पुरती बंद होते. मला हे कळायला दोन पावसाळे लागले. मिरचीच्या सात बादल्या गच्चीवर ओळीने मांडल्या होत्या. त्यातली एक चुकून पाइपावर तिरकी टेकली होती आणि तेवढी एकच ठणठणीत राहिली. बाकीच्या सहा उचलल्या तेव्हा प्रत्येकीखाली ओला गोल आणि कुजका वास होता. माती एक, खत एक, रोपं एकाच वाफ्यातली. फरक फक्त खालच्या फटीचा होता. तेव्हापासून माझी एकही बादली थेट फरशीवर बसत नाही. दोन विटा किंवा फरशीचे तीन तुकडे खाली असतातच. तेही कडेखाली, भोकांखाली नाही.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि डोळ्यांना न दिसणारी: खुद्द माती. भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण बुडवा आणि आडवा, सपाट धरा. ठिबकायचं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. कुंडीतल्या मातीचंही असंच आहे. वरचं पाणी ओढीने खाली उतरतं, पण सगळ्यात खालच्या काही बोटांत माती पाणी धरून ठेवते आणि भोक उघडं असलं तरी ते आपणहून बाहेर पडत नाही. माती जितकी बारीक, तितका हा चिंब थर उंच. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, पाणी प्यायल्यावर फुगणारे. शेतात त्याच मातीखाली कितीतरी फूट खोली असते, त्यामुळे पाणी उतरत राहतं. बादलीत तिला फूटभर उंची मिळते आणि त्यातली तळाची चांगली वीतभर माती पावसाळाभर चिखल होऊन बसते.

आता विटांच्या तुकड्यांकडे येते. निचऱ्यासाठी तळाला खडे-विटा घालायच्या हे आपल्याकडे इतकं रूढ आहे की मी ते नको म्हटलं की लोकांना पटत नाही. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते तो थर ओलांडतच नाही. म्हणजे चिखलाचा थर नाहीसा होत नाही, तो चार बोटं वर सरकतो आणि थेट मुळांत येतो. शिवाय तेवढी मातीची जागा वाया जाते. मातीच्या खोल कुंडीत, एकाच मोठ्या भोकावर उपडी खापरी ठेवायची पद्धत वेगळी. ती माती वाहून जाऊ नये म्हणून असते आणि ती ठीकच आहे. बादलीत त्या कामाला नारळाच्या शेंड्यांचा पातळ थर किंवा शेडनेटचा तुकडा पुरतो.

मुळांना पाण्याचा त्रास होतो तो पाण्यामुळे नाही, हवा न मिळाल्यामुळे. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. चिंब मातीत मुळं गुदमरतात, मग कुजवणाऱ्या बुरशींना रान मोकळं. आणि मूळ कुजलं की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून ते सुकल्यासारखं दिसतं. माणूस ते बघून आणखी पाणी घालतो. तुमचे दोन टोमॅटो याच वाटेने गेले असावेत. खात्री करायची तर गेलेलं रोप उपटून बघा. मुळं तपकिरी, बोटांत साल सरकन निघून येणारी आणि आंबूस वासाची असतील तर ती मूळकूजच.

उरलेली रोपं वाचवायला बादल्या रिकाम्या करायची गरज नाही. आज एवढं करा. प्रत्येक बादली उचलून एका बाजूने विटेवर ठेवा, म्हणजे ती तिरकी राहील. हा स्पंज उभा करण्याचाच प्रकार आहे. कललेल्या बादलीत पाण्याला जास्त उंची मिळते आणि खालच्या कोपऱ्यातून ते निघून जातं. मग त्या खालच्या बाजूला, बुडापासून एक-दोन सेंटिमीटरवर, भिंतीला दोन-तीन भोकं पाडा. रोप आत असतानाही हे करता येतं. भोक पडताक्षणी काळपट पाण्याची धार लागली तर माझा अंदाज बरोबर. दोन दिवसांनी बादली सरळ करून विटांवर ठेवा. पाऊस असेतोवर पाणी घालू नका, खत तर अजिबात नको. मिरची बहुधा सावरेल. टोमॅटोचं मी वचन देत नाही.

आता नव्याने भोकं पाडायची तर कशी. ड्रिल मशीन असेल तर उत्तम. बादली तडकते त्याची कारणं साधारण तीन. एक, उलटी बादली अधांतरी ठेवून बुडावर जोर दिला जातो. आत विटा रचून त्यांवर फळीचा तुकडा ठेवा आणि बादली त्यावर अशी पालथी घाला की बूड फळीला टेकेल. मग बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, आरपार गेला तरी बूड दबत नाही. दोन, एकदम मोठा बिट. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, मग त्यावरच ८ चा बिट लावा, वेग कमी ठेवा आणि शेवटी हात सैल सोडा. तीन, बादलीच म्हातारी झालेली असते. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं प्लास्टिक पांढुरकं पडतं, बोट घासलं तर भुकटी लागते. अशी बादली कशानेही फुटेल, तिच्यावर वेळ घालवू नका. चांगली बादलीही थंडीच्या सकाळी कडक असते. तासभर उन्हात ठेवून मग भोकं पाडली तर काम हलकं होतं.

बुडाच्या बरोबर मध्यभागी एक छोटा टिंबासारखा उंचवटा असतो. साच्यात वितळलेलं प्लास्टिक तिथून ओतलेलं असतं. ती जागा ताणाखाली असते, तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. तिथे भोक नको. भिंतीपासून दोन बोटं आत गोलाकार भोकं घ्या, दोन भोकांत किमान तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा. ड्रिलचा प्लास्टिकचा भुसा झाडून कचऱ्यात टाका, मातीत जाऊ देऊ नका.

ड्रिल नसेल तर सोल्डरिंगची गन घ्या. सळई तापवण्यापेक्षा ती हाताला सोपी आणि भोक एकसारखं पाडते. काम गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून करा, स्वयंपाकघरात गॅसवर सळई तापवून नको. पीव्हीसी पाइपाला तर तापवून भोकं कधीच पाडू नका, त्याचा धूर घातक असतो. हातोडी-खिळा हा बादलीचा शत्रू. १० लिटरच्या बादलीला पाच, आणि श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या चार-पाच लिटरच्या डब्याला ६ मिलिमीटरची चार भोकं पुरतात. १२ मिलिमीटरच्या वर जाऊ नका, माती आणि गांडुळं दोन्ही निघून जातात.

बादलीत आधी काय होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण भाजी खायची आहे म्हणून सांगते. भिंतीला देतात त्या, पाण्यात मिसळायच्या रंगाची बादली चालते. आतला रंग पूर्ण वाळू द्या, पापुद्रा सोलून काढा, साबणाने घासा. ऑइलपेंट, टर्पेंटाइन, वॉटरप्रूफिंगचं रसायन, ॲसिड, कीटकनाशक यांचे डबे कितीही धुतले तरी भाजीला नकोत. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे माळ्यावरच्या फार जुन्या रंगाच्या बादल्याही मी बाजूला ठेवते. बुडावरच्या त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर प्लास्टिक या कामाला चांगलं. भंगारवाल्याकडून घेताना खाद्यतेलाचे कॅन मागा, ते निर्धास्त. काळ्या रंगाची बादली उन्हात मुळं भाजते. पांढरी बरी.

इथवर सांगितलेलं कुठेही लागू पडतं. पुढचं मात्र गावावर आणि ऋतूवर ठरतं. मी पुण्यात बागकाम करते, माझं माहेर चिपळूणचं आणि बहीण नागपूरला. तिघींच्या बादल्या तीन तऱ्हेच्या. चिपळूणला पावसाळ्यात निचरा कितीही केला तरी कमीच, तिथे वहिनी बादल्या पागोळीखालून हलवते आणि मातीवर पालापाचोळा जाड पसरते, नाहीतर थेंबांच्या माऱ्याने वरची माती बसून तिचा पापुद्रा होतो. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे बहीण उन्हाळ्यात बुडाची भोकं बंद ठेवते, भिंतीला चार सेंटिमीटर उंचीवर चार भोकं आहेत, म्हणजे तळाला थोडा साठा राहतो आणि दुपारी रोप तगतं. हे खोल बादलीतच जमतं आणि पावसाळ्यापूर्वी बुडाची भोकं उघडावी लागतात. तिनेही ती पाडून घेतलीत, उन्हाळ्यात लाकडी खुंट्या ठोकून बंद करते. तुम्ही ठाण्याचे, म्हणजे तुमचं गणित चिपळूणच्या जवळचं. मोकळी भोकं, उंच बैठक आणि हलकी माती.

हलकी माती म्हणजे काय, तर तुमची काळी माती फेकू नका, तिचं प्रमाण चौथ्या हिश्शावर आणा. उरलेल्यात अर्धं चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि अर्धं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), चुरलेला पालापाचोळा, भाताची तुसं, जे मिळेल ते. विटांचे बारीक तुकडे असतील तर तेही मिसळा, पण सगळ्या मातीत, तळाला थर करून नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीसाठी उसाची चिपाडं वापरली, ती रसवंतीवाल्याकडे फुकट मिळतात. चुरून, थोडी कुजवून घातली की माती मोकळी राहते. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात खार असतो. भरल्यावर परीक्षा अशी: वरून दोन लिटर पाणी सावकाश घाला. ते मिनिटभरात मातीत शिरायला हवं आणि पाच-दहा मिनिटांत खालून ठिबकायला लागायला हवं. घातल्या घातल्या भसकन खालून आलं तर त्याला चांगला निचरा समजू नका. माती कोरडी पडून भिंतीपासून सुटली आहे आणि पाणी फटीतून पळतंय.

ही माती वर्षभरात बसते. कंपोस्ट कुजत जातं, बारीक गाळ खाली उतरतो आणि गेल्या वर्षी छान चाललेली बादली यंदा तुंबते. म्हणून दर मे महिन्यात मी बादल्या ओतते, मुळांचं जाळं काढते, भोकांत काडी फिरवते आणि नवीन पाला-कंपोस्ट मिसळून पुन्हा भरते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालून भोकांत काडी घालून बघणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने बादल्या वाचतात.

बादल्यांखाली ताटल्या असतील तर आजच काढा. पावसाळ्यात ताटली म्हणजे बुडाचं भोक पुन्हा बंद करणं. दुसरं कारण डेंग्यूचं. एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पूर्ण डास होतो. उन्हाळ्यात ताटली वापरायची तर आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडी करा. सोसायटीची गच्ची आहे म्हणून हेही बघा की भोकांतून येणारं पाणी गच्चीच्या उताराने पन्हळीकडे जातंय, पन्हळीवर जाळी आहे आणि बादल्या भिंतीलगत, तुळईच्या बाजूला आहेत. भिजलेली काळी माती भरलेली बादली ३० किलोच्या पुढे जाते. ती कडीला धरून उचलू नका, बुडाला हात द्या, आणि कठड्यावर तर कोणतीच बादली नको.

टोमॅटो आत्ता पुन्हा लावू नका. ऑगस्टअखेर, सप्टेंबरात रोपं करा, थंडीचा टोमॅटो तुम्हाला खरा आनंद देईल. रिकाम्या झालेल्या बादल्यांत तोवर भेंडी किंवा लाल माठ घ्या. एक बादली आहे तशीच चिखलाची ठेवून तिच्यात अळू लावा, त्याला ओल मानवते.

राहिली तडकलेली सहावी. तडा चार-पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर तो जिथे संपतो, बरोबर त्या टोकावर ५ मिलिमीटरचं भोक पाडा. ताण त्या गोलात विखुरतो आणि तडा पुढे धावत नाही. मग आतून शेडनेटची दुहेरी पट्टी ठेवा आणि हलकी माती भरून तिच्यात मेथी-कोथिंबीर पेरा. जागेवरून हलवू नका. तडा भिंतीपर्यंत चढला असेल तर तिला चारी बाजूंनी भरपूर भोकं पाडा आणि पालापाचोळा कुजवायला ठेवा. पुढच्या मे महिन्यात बाकीच्या पाच बादल्यांना लागणारं कंपोस्ट तिच्यातूनच निघेल.